वाटीतली मुंगी

ही गोष्ट आजपातूर माझ्या तोंडातनं बाहेर पडली न्हाई. मालक गेल्यावर त्यांच्या फोटूफुडं बसून मी लय काय काय बोलायची — शेळी व्याली, मागची भिंत खचली, जावई रुसून गेला — पर ही न्हाई. देवाला सांगायची गरजच न्हाई, त्यो बघत हुता. मंग तुमाला का सांगते? तुमी माझ्या नात्यातलं न्हाई, म्हणून. नात्यातल्या माणसाला सांगितलं की त्यो पहिलं म्हणतो, जाऊ दे, तुजा बी काय इलाज हुता. मला त्ये ऐकायचं न्हाई. इलाज हुता. लय हुता.

मी शाळेत गेले न्हाई. सही येती तेवढी, ती बी वाकडी. वडूजच्या अलीकडं आमचं गाव. पाऊस आमच्याकडं पावण्यावाणी — येतो आन बूड टेकायच्या आत निघतो. मोठ्या दुष्काळात मी खडी फोडलीया, पोटात मंगल हुती तवा. तिच्यामागं एक लेकरू झालं ते राहिलं न्हाई, त्याचं नाव बी ठिवलं नव्हतं. मंग दत्ता झाला. हे मी रडगाणं म्हणून सांगत न्हाई. सांगते ते येवड्यासाठी, की लेकरू म्हंजी काय, दूध म्हंजी काय, हे मला ठावं हुतं. नकळत झालं असं म्हणाया मला जागा न्हाई.

गावात इचारा, सुनंला तरास दिला का म्हणून. कुणी व्हय म्हणायचं न्हाई. मी सुनंवर हात उचलला न्हाई, तिला उपाशी ठिवलं न्हाई, म्हायेरावरनं टोमणं मारलं न्हाईत. सासुरवास केला न्हाई असं समदी म्हणत्यात. शालन बी म्हणती.

शालन माझी सून. दत्ताची बायको, तासगावकडची. मला आत्याबाई म्हणती. आज मी तिच्याच हातचं खाते, कुपवाडला. गुडघं गेल्यापासनं न्हाणीत न्यायचं, आणायचं, केस विंचरायचं, समदं तीच करती. कवा तोंड वाकडं केलं न्हाई. शेजारच्या बाया म्हणत्यात, लय करतीस बाई म्हातारीचं. तर ती म्हणती, 'त्यांनी बी माझं केलंय. माझी कोमल त्यांनी जगवलीया.'

जगवलीया. हा शबूद आला की मी भितीकडं तोंड करून पडते.

कोमल म्हंजी तिची थोरली. पहिलं बाळंतपण म्हणून म्हायेरी झालं, श्रावणात. दिवाळीच्या तोंडावर शालन लेकराला घिऊन आमच्या गावाला आली. दत्ता तवा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर हुता, तिथंच एक खोली घेतल्याली. ठरल्यालं असं, की दिवाळी गावाला करायची, आन भाऊबीज झाली की तिघांनी कुपवाडला जायचं. पाळणा तिथंच बांधायचा.

मालक आदल्या साली शिमग्यात गेल्यालं. त्या घरात मी आन एक शेळी. सांच्याला एकटीपुरती एकच भाकरी थापायची — कवा थापलीया का तुमी? पीठ भिजवायचं जिवावर येतं. चूल पेटवायची जिवावर येतं. कुणी हाक मारंल म्हणून मी दार उघडं ठिवून बसायची, आन दारातनं कोंबडी आत यायची.

आन मंग ते लेकरू आलं. वेखंडाचा वास यायचा अंगाला. मूठ अशी घट्ट, की बोट घातलं तर सोडायची न्हाई. मी मांडीवर घ्यायची, कडंवर घ्यायची, अंगाई म्हणायची — मालक गेल्यावर माझ्या घशातनं सूर निघाला त्यो पहिला. पर माझ्याकडं कितीसा येळ? घटकाभर. भूक लागली की आईकडं. झोप आली की आईकडं. माझ्या मांडीवरनं मान वळवून आईकडंच बघायची. त्याचा राग यावा का माणसाला? मला यायचा. सांगते ना, यायचा.

दिवाळीचं घर कसं असतं ठावं हाय तुमाला. मंगल आटपाडीवरनं पोरं घिऊन आल्याली. करंज्या कराया भावकीतल्या बाया यायच्या. चुलीवर कढई, घरभर धूर, दारात पोरांचं टिकल्या वाजवणं. शालन पदराखाली लेकरू घिऊन धान्याच्या कणगीच्या आड बसायची. लेकरू तोंड लावायचं — तेवढ्यात कुणीतरी यायचं. 'कुणावर गेलीया बघू गं,' म्हणून पदर सारायचं. लेकरू दचकून सोडायचं. परत लावायची. तवर पावणं चहाला आत यायचं, ही लाजून भितीकडं तोंड करायची, लेकराच्या तोंडातनं सुटायचं. परत रडं. परत कणगीआड.

मंगल म्हणायची, 'वैनी, दिवाळी कराया आलीस का पाजाया?'

समद्या हसायच्या. शालन बी हसायची. मी बी.

त्या लेकराचं पोट भरत नव्हतं ते दूध नव्हतं म्हणून न्हाई. त्याला कुणी निवांत पिऊच देत नव्हतं. हे मला दिसत हुतं. दूध तर शालनला असं, की लेकरू दुसऱ्या खोलीत रडलं तरी हिची चोळी भिजायची. माझी तीन बाळंतपणं झाली, मला तसं कवा आलं न्हाई. दुष्काळात तर मंगलला मी ज्वारीच्या कण्यांची पेज पाजलीया.

आता बघा, अंगावरचं लेकरू आईपासनं तोडता येत न्हाई. आई जाईल तिकडं ते जाणार. पर वरच्या दुधावरचं लेकरू कुठं बी राहतंय. आजीपाशी बी राहतंय.

ह्यो इचार कवा आला म्हणाल, तर करंजीला मुरड घालताना. मला आठवतंय, कारण हात थांबला न्हाई. मुरड वाकडी बी झाली न्हाई.

आमच्याकडं जुन्या बाया दूध बघायच्या. लेकरू लय रडाया लागलं, अंग धरंना झालं की वाटीत आईचं दूध काढायचं आन त्यात काळी मुंगी सोडायची. मुंगी कडंला येऊन वर चढली तर दूध चांगलं. मुंगी तिथंच मेली तर दूध इखारी, लेकराला पाजायचं न्हाई. माझ्या सासूनं माझं बघितलं हुतं. माझी मुंगी जिती निघाली. त्यात खरं किती, खोटं किती, मला सांगता यायचं न्हाई. पर बायकांचा इश्वास हुता. आन जिच्या हातात वाटी, तिचा शबूद शेवटचा.

वसुबारस हुती. त्या दिवशी आमच्यात बाया उपास धरत्यात. गाईची धार काढत न्हाईत, वासराला पोटभर प्याया सोडत्यात. सांच्याला गाय-वासराची पूजा.

दुपारची येळ. कोमल सकाळपासनं रडत हुती. शालन तिला खांद्यावर टाकून हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. भावकीतली एक म्हणाली, वावडिंगाचं पाणी पाज. दुसरी म्हणाली, दिष्ट काढा पोरीची. आन मी म्हणलं — आवाज माझा अगदी सादा हुता, मीठ दे म्हणावं तसा — मी म्हणलं, 'दूध बघू एकदा.'

भावकीतल्या बायांनी हातातली लाटणी खाली ठिवली.

शालनला कळलं न्हाई. 'म्हंजी काय, आत्याबाई?'

'काय न्हाई गं. वाटीत वाईच काढून दे.'

ती कणगीआड गेली. लेकराला गुटी उगाळून द्यायची पितळंची लहान वाटी हुती, तीत घिऊन आली. निळसर पांढरं दूध, कोमट. माझ्या हातात वाटी दिली तवा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं — जसं डॉक्टरकडं बघत्यात तसं.

उंबऱ्यापाशी मुंग्यांची वळ लागल्याली. करंजीचं सारण सांडलं हुतं, त्याच्या साखरंला आल्या हुत्या. मी वाकले. एक काळी मुंगी धरली, अंगठ्यात आन ह्या बोटात. शालन बघत हुती. मंगल बघत हुती. समद्या बघत हुत्या. पर बोटांच्या आत काय चाललंय हे कुणाला दिसतंय?

मी चिमटा दाबला.

बास. येवडंच केलं मी. मोहरी फुटली तर वाजती, तेवढं बी वाजलं न्हाई. मंग हात वाटीवर नेला आन बोटं उघडली. मुंगी दुधात पडली. तिचा पाय हालला न्हाई.

मंगल म्हणाली, 'आगं आई गं.' भावकीतल्या एकीनं तोंडाला पदर लावला. शालन वाटीत वाकून बघत राहिली. लय येळ बघत राहिली. तिला वाटत असंल, हालंल. खरं सांगते, मी बी बघत हुते. मला बी वाटलं, हालंल का काय.

रडली न्हाई ती. तिनं कोमलला खांद्यावरनं उतरवलं आन माझ्याकडं दिली — हात लांब करून, जणू आपल्या अंगाला लेकरू लागलं तरी बाधंल. मंग चोळीची बटणं लावली. वरपातूर.

तुजं दूध इखारी हाय असं मी तोंडानं कवा म्हणलं न्हाई. मी फकस्त लेकरू घेतलं.

सांच्याला मी गाय-वासराची पूजा केली. शेजारच्यांची गाय हुती. ह्याच हातानं तिच्या कपाळाला हळदी-कुक्कू लावलं. वासरू आचळाला ढुशा मारत हुतं, गाय त्याला चाटत हुती. शालन माझ्यामागं उभी हुती, हातात निवेदाचं ताट घिऊन. फुडं आली न्हाई.

दत्ता दिवाळीला कुपवाडवरनं आला तवा मंगलनं त्याला सांगितलं. त्यो म्हणाला, असलं काय नसतं, वडूजला डॉक्टरला दावू. शालननंच न्हाई म्हणलं. तिला लाज वाटली. डॉक्टरला काय सांगायचं — माझ्यात इख हाय म्हणून? दत्तानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, 'शेळीचं दूध हलकं असतंय. मी हाय की.'

मी हाय की.

पर दूध असं आटत न्हाई. लेकरू रडलं की आईचं अंग ऐकतं, मन कितीबी न्हाई म्हणंना. दिवाळीभर घरात आकाशकंदील, रांगोळ्या, पोरांचा कालवा, आन शालन न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकायची. छातीला फडकं आवळून बांधायची. एकदा मला हळूच इचारलं तिनं, 'आत्याबाई, हे तुळशीला घातलं तर तुळस मरंल का वो?'

आमच्यात आईचं दूध कुणाच्या पायाखाली येऊ देत न्हाईत, झाडाला घालत्यात. तेवढ्यासाठी इचारत हुती ती. मी काय म्हणलं असंल? ऐकू आलं न्हाई असं केलं. मंग ती मोरीतच टाकाया लागली. मोरीच्या तोंडाशी मांजरीचं एक पिल्लू यायचं आन ते दूध चाटायचं. रोज यायचं. चांगलं गुबगुबीत झालं, उन्हात लोळायचं. शालनला दिसू नये म्हणून मी त्याला काठीनं हाकललं. दोनदा आलं, दोनदा हाकललं. सांगा आता, हे बी नकळत झालं का?

भाऊबीज झाली. शेळी गावाला, म्हणून लेकरू बी माझ्यापाशीच राहायचं ठरलं. वडूजच्या स्टँडवर मी लेकरू घिऊन गेले, शालननं मागं लागून नेलं म्हणून. ती दत्तासंगं एष्टीत बसली. खिडकीतनं लेकराकडं बघत नव्हती, माझ्या हातातल्या बाटलीकडं बघत हुती. गाडी हालली तवा कोमल रडली. शालनच्या साडीवर, फडकं बांधल्यालं असून बी, दोन डाग पसरलं. तिनं पिशवी छातीशी धरली. मी ते बघितलं आन लेकरू घिऊन घराकडं वळले.

आन आता हे बी सांगितलं पायजे, न्हाईतर मी अर्धंच सांगितलं असं हुईल. त्यानंतरची वर्सं मी सुखात हुते. लय सुखात. सकाळी चूल पेटवाया हुरूप यायचा. कोमल माझ्या कुशीत निजायची. बोलाया लागली तवा मला आई म्हणाली. शालन महिन्या-दोन महिन्यानं यायची, येताना टोपडं, खुळखुळा, काय काय आणायची, आन पोरगी माझ्या पदराआड लपायची. शालन म्हणायची, 'असू दे, ओळखंल हळूहळू.' मला तवा वाईट वाटायचं का? खरं बोलायचं तर, बरं वाटायचं.

पहिल्याच थंडीत कोमलला हगवण लागली. बाटलीमुळं. बाटली मी राखंनं घासायची, वरवर इसळायची, मला त्यातलं कळत नव्हतं. पोरगी वाळून गेली, डोळं खोल गेलं. वडूजला सलाईन लावलं. डॉक्टर माझ्यावर खेकसला, 'अंगावरचं का तोडलं एवढ्या लवकर?' मी खाली बघितलं. शालन रातोरात आल्याली, ती उशाला उभी हुती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, 'सुरवातीला माझं प्यालीया ना ती आत्याबाई. तेच अजून बाधतंय.'

तवा सांगायचं हुतं. न्हाई का? पोरगी खाटंवर, आई आपल्यालाच दोष देतीया, आन मी बाकड्यावर बसल्याली, तोंडात दात असून बोबडी. सांगितलं असतं तर काय झालं असतं? लेकरू घिऊन गेली असती. तेवढंच. तेवढ्यालाच मी भ्यायले. पोरगी बरी झाली. शालननं माझं पाय धरलं — तुमी हुतासा म्हणून वाचली. मी पाय मागं घेतलं न्हाईत.

कोमल शाळंत घालायची झाली तवा ती कुपवाडला गेली. मला वाटलं, मिटलं. लेकरू आईचं आईला गेलं, आता काय राहिलं?

मंग ओंकार झाला. दुसरं बाळंतपण सांगलीला दवाखान्यात. मी गेल्ते. नर्सबाईनं पोरगं शालनच्या छातीशी द्याया घेतलं, तर हिनं अंग चोरलं. म्हणाली, 'नगं. माझं दूध इखारी हाय. डब्याचं आणलंय आमी.' पिशवीत पावडरीचा डबा आधीच आणल्याला, बाटली बी. नर्सबाई म्हणाली, 'अगं, पहिला चीक तरी पाज, कुणाचं दूध इखारी नसतं.' शालन म्हणाली, 'बघितलंय. मुंगी मेली हुती. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी.'

नर्सबाईनं कपाळावर हात मारला आन माझ्याकडं वळली. 'आजी, तुमी सांगा हिला. तुमचं ऐकंल ती.'

ऐकलं असतं. माझंच ऐकलं असतं. त्या खोलीत पंखा फिरत हुता, पोरगं हात-तोंड हालवत हुतं, शालन माझ्या तोंडाकडं बघत हुती — अगदी तसंच, वाटी देताना बघितलं हुतं तसं. आन मी म्हणलं, 'आमच्यात बघत्यात तसं.'

एवढंच बोलले आन पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले. पहिल्या खेपंला मला लेकरू पायजे हुतं. ह्या खेपंला मला काय बी नको हुतं. नुसतं माझं तोंड वाचवायचं हुतं. कुठलं जास्त वाईट, हे तुमी ठरवा. मला ठरवता आलं न्हाई.

ओंकार आईच्या दुधाचा एक थेंब प्याला न्हाई. त्याला सर्दी झाली, ताप आला, की शालन म्हणायची, माझ्या रगतातच काय तरी हाय. आजपातूर ती कुणाच्या तान्ह्या लेकराचा मुका घेत न्हाई. डोक्यावरनं हात फिरवती, बास. लोकांना वाटतंय, स्वभाव हाय.

औंदाच्या दिवाळीला कोमल आली, साताऱ्यावरनं. तिथं दिली तिला. तिला बी पहिली मुलगीच झालीया. पोरगी कशी मोकळी हाय — दिवाळीला घर भरल्यालं, मंगल आल्याली, तिची नातवंडं आल्याली, आन ही कोचावर मधोमध बसून ओढणी टाकून पाजती. टीव्ही बघत पाजती. कुणी आलं तर उठत न्हाई. मंगल म्हणाली, 'बाई, आमच्या येळंला असं नव्हतं.' कोमल म्हणाली, 'म्हणून तर तुमची पोरं किरकिरी निघाली, आत्या.' समदी हसली.

शालन हसली न्हाई. ती चकल्या गाळत हुती आन डोळं सारखं त्या लेकराकडं. प्यालं की बघायची, ओकतंय का. निजलं की बघायची, छाती हालती का. दर खेपंला कोमलनं लेकरू छातीशी धरलं की हिच्या हातातला सोऱ्या थांबायचा. मी कोपऱ्यात बसून ते बघत हुते. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काम काय?

वसुबारसला दुपारी लेकरू रडाया लागलं. दात न्हाईत, ताप न्हाई, नुसतं रडं. लेकरं रडत्यात. पर शालन उठली, आत गेली, आन आली तवा तिच्या हातात ती वाटी. पितळंची. घासून लख्ख केल्याली.

कोमल म्हणाली, 'आई, हे काय काढलंस? असलं काय नसतंय गं.'

'नसंल.' तिनं वाटी फुडं केली. 'तू नुसतं थेंबभर दे. माझ्यावर गेली असलीस तर?'

'आजी, तू तरी सांग हिला!'

परत माझ्यावरच आलं. बघा, देव माणसाला किती खेपा दार उघडून देतो. मी तोंड उघडलं. आन पदरानं पुसून मिटलं. कोमलनं आईची समजूत काढायची म्हणून हसत हसत वाटीत दूध काढलं. शालननं वाटी माझ्या मांडीवर ठिवली. म्हणाली, 'तुमीच बघा आत्याबाई. तुमच्या हाताला कळतंय.'

ओंकारनं गॅलरीतल्या कुंडीतनं मुंगी आणली, पानावर. माझी बोटं आता वळत न्हाईत, मला ती धरता येईना. पान वाटीच्या कडंला टेकवलं. मुंगी उतरली. दुधाला लागली, बुडली, पाय मारलं, परत कडंला आली, आन वर चढून माझ्या नखावर आली. ह्याच नखावर. तिथं थांबली आन मिशा हालवाया लागली.

कोमल म्हणाली, 'झालं समाधान?' आन लेकरू छातीशी घेतलं.

शालन खाली फरशीवर बसली. मटकन. आन रडली. त्या दुपारी कणगीपाशी रडली न्हाई, एष्टीत रडली न्हाई, दवाखान्यात रडली न्हाई, ती तिथं समद्यांफुडं रडली. पदरानं डोळं पुसत म्हणत हुती, 'बरं झालं बाई. माझ्यावर न्हाई गेली. सुटली माझी पोरगी.'

माझ्या नखावर ती मुंगी अजून हुती. मला वाटलं, आता बोलायचं. आता न्हाई तर कवा? मी म्हणलं, 'शालन —'

तिनं वर बघितलं. नाक लाल, डोळं लाल, आन तोंड असं निवांत, जसं कर्ज फिटल्यालं माणूस दिसतं. 'काय वो?'

मी म्हणलं, 'वाटी धुवून ठिव.'

तिनं धुतली. पालथी ठिवली.

पहिल्या आंघोळीला तिनं मला आधी उठवलं. पाणी तापवल्यालं, उटणं कालवल्यालं. पाटावर बसवून तेल लावाया लागली. पाठीला लावलं, गुडघ्यांना लावलं. मंग हात घेतला. म्हणाली, 'बोटं लय ताठल्यात तुमची, थंडी सुरू झाली न्हाई का.' एकेक बोट घिऊन चोळाया लागली. अंगठा चोळला. मंग त्याच्या शेजारचं बोट. पेरापेरावर तेल जिरवत, हळूहळू, लेकराला लावावं तसं. बाहेर फटाकडं वाजत हुतं, आतनं कोमलच्या लेकराचं चुटूचुटू प्यायचं ऐकू येत हुतं.

मी हात काढून घेतला न्हाई.

'दुखतंय का, आत्याबाई?'

न्हाई म्हणलं.